विस्कॉन्सिनमध्ये ११९ लांडग्यांचा कोटा असताना २१८ लांडगे कसे मारले गेले? अमेरिकेतल्या सरकारी शिकार-धोरणावर टीका का होते?

२२ फेब्रुवारी २०२१, सोमवार. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन राज्यात ताजा बर्फ पडला होता. बर्फात पायाचे ठसे स्पष्ट दिसतात, त्यामुळे माग काढणाऱ्यासाठी याहून चांगला दिवस नाही. त्या सकाळी राज्यात लांडग्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला. तो आठवडाभर, म्हणजे २८ तारखेपर्यंत चालणार होता. परवानाधारक शिकाऱ्यांनी जास्तीत जास्त ११९ लांडगे मारावेत, असं राज्य सरकारने ठरवून दिलं होतं.

हंगाम तिसऱ्याच दिवशी, २४ तारखेला दुपारी ३ वाजता बंद करावा लागला. तोपर्यंत २१८ लांडगे मारले गेले होते. ठरलेल्या आकड्यापेक्षा ९९ जास्त, म्हणजे ८३ टक्के जास्त.

ही चोरटी शिकार नव्हती. मारलेल्या लांडग्यांची रीतसर नोंद झाली होती आणि शिकाऱ्यांकडे परवाने होते. मग कोटा ओलांडला कसा? आणि कोटा ठरवणाऱ्या सरकारला तो पाळता का आला नाही? अमेरिकेत लांडग्यांच्या शिकारीचा विषय निघाला की आजही या तीन दिवसांचा उल्लेख होतो, तो याच प्रश्नांमुळे.

मुळात सरकार शिकारीचा हंगाम ठरवतं म्हणजे काय?

भारतातल्या वाचकाला ही कल्पनाच जरा विचित्र वाटेल. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडगा आहे. एखादा प्राणी माणसांच्या जिवावर उठला, तर मुख्य वन्यजीव रक्षक त्या ठरावीक प्राण्यापुरती लेखी परवानगी देऊ शकतात. पण पैसे भरून परवाना घ्यायचा आणि हंगामात एक लांडगा मारायचा, अशी सोय आपल्याकडे नाही.

अमेरिकेत वन्यप्राणी ही जनतेची सामाईक मालमत्ता आणि राज्य सरकार तिचं विश्वस्त, असं मानलं जातं. कोणत्या प्राण्याची शिकार कधी, किती आणि कशी करायची हे प्रत्येक राज्य ठरवतं. हरीण, अस्वल, रानटर्की, सगळ्यांचे हंगाम असतात. एखादी प्रजाती केंद्र सरकारच्या १९७३च्या ‘एन्डेंजर्ड स्पीशीज अ‍ॅक्ट’खाली आली, की ती राज्याच्या हातातून निघते. यादीतून वगळली, की परत राज्याकडे येते.

लांडगा गेली काही दशकं या यादीत आत-बाहेर करतो आहे.

त्याला जुना इतिहास आहे. विस्कॉन्सिन राज्य १८६५पासून लांडगा मारणाऱ्याला बक्षीस देत होतं. ही बक्षिसं १९५७मध्ये बंद झाली आणि १९६०पर्यंत राज्यातला लांडगा संपला होता. (आपल्याकडेही इंग्रजी राजवटीत हेच चाललं होतं. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या मांडणीनुसार १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत बक्षिसांसाठी सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले.) १९७०च्या दशकात शेजारच्या मिनेसोटातून काही लांडगे स्वतःच विस्कॉन्सिनमध्ये परतले. संरक्षण मिळाल्यामुळे ते टिकले, वाढले. २०२०च्या सुरुवातीला राज्याच्या मोजणीत किमान १,०३४ लांडगे होते.

फेब्रुवारीतच शिकार का झाली?

ऑक्टोबर २०२०मध्ये ट्रम्प सरकारने करड्या लांडग्याला संरक्षित यादीतून वगळण्याचा निर्णय जाहीर केला. तो ४ जानेवारी २०२१ला लागू झाला आणि लांडगा पुन्हा राज्यांच्या ताब्यात आला.

राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचं, म्हणजे डीएनआरचं म्हणणं होतं, की घाई नको. नवा आराखडा करू, आदिवासी जमातींशी बोलू, लोकांच्या सूचना घेऊ आणि नोव्हेंबर २०२१मध्ये हंगाम घेऊ.

पण राज्याच्या कायद्यात एक अडचण होती. विधिमंडळाने २०११-१२च्या अधिवेशनात मंजूर केलेल्या कायद्यानुसार लांडगा केंद्राच्या यादीत नसेल, तर विभागाने शिकारीला परवानगी ‘द्यावीच’. ‘देऊ शकतो’ असं त्यात नाही. इतर प्राण्यांचा हंगाम घ्यायचा की नाही हे तज्ज्ञ आणि अधिकारी परिस्थिती बघून ठरवतात. लांडग्याच्या बाबतीत हे विधिमंडळाने आधीच ठरवून टाकलं. महिनेही कायद्यातच लिहिले: हंगाम फेब्रुवारीअखेरपर्यंत.

कॅन्सस राज्यातल्या ‘हंटर नेशन’ या शिकारी संघटनेने हेच कलम घेऊन कोर्ट गाठलं. त्यांचा मुद्दा असा, की कायद्यातला हंगाम आत्ता चालू आहे, त्यामुळे शिकार आत्ताच व्हायला हवी. नोव्हेंबरपर्यंत थांबलं तर बायडन सरकार किंवा एखादं कोर्ट लांडग्याला पुन्हा यादीत टाकेल आणि संधी जाईल, अशीही भीती त्यांनी मांडली. ११ फेब्रुवारीला जेफरसन काउंटीच्या न्यायाधीशांनी महिना संपायच्या आत हंगाम सुरू करण्याचा आदेश दिला. अपील टिकलं नाही.

म्हणजे ज्या कामासाठी विभागाने जवळपास वर्षभराची मुदत मागितली होती, ते त्याला दोन आठवड्यांच्या आत उरकावं लागलं. शिवाय फेब्रुवारी हा लांडग्यांच्या मिलनाचा काळ. याआधी २०१२, २०१३ आणि २०१४मध्ये विस्कॉन्सिनने हंगाम घेतले होते, पण ते शरद ऋतूत सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपले होते.

तीन दिवसांत नेमकं काय चुकलं?

सोशल मीडियावर तेव्हा ‘शिकारी बेभान झाले’ असं बरंच लिहिलं गेलं. ते सोपं स्पष्टीकरण आहे. प्रत्येक शिकाऱ्याने आपापला परवाना पाळला, तरी त्या फेब्रुवारीत कोटा ओलांडला जाणारच होता, कारण नियमच तसे होते.

परवान्यांपासून सुरुवात करू. कोट्यातल्या एका लांडग्यामागे साधारण १० परवाने द्यायची पद्धत होती. यावेळी २० देण्याचं ठरलं. ११९ लांडग्यांसाठी २,३८० परवाने. त्यासाठी २७ हजारांहून अधिक लोकांनी अर्ज केले. प्रत्यक्षात दीड हजारांहून अधिक परवाने विकले गेले.

पद्धतीचाही प्रश्न होता. विस्कॉन्सिनमध्ये लांडग्यामागे शिकारी कुत्री सोडायला परवानगी आहे, एका वेळी सहापर्यंत. अमेरिकेत फार कमी राज्यांत हे चालतं. कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे असतात, शिकारी स्नोमोबाईल किंवा ट्रकने मागे जातात. त्यात ताजा बर्फ. मारलेल्या लांडग्यांपैकी सुमारे ८६ टक्के कुत्र्यांच्या मदतीने मारले गेले. लांडग्याच्या नव्हे, तर इतर प्राण्यांच्या शिकारीत वापरलेल्या कुत्र्याला लांडग्याने मारलं, तर मालकाला राज्याकडून २,५०० डॉलरपर्यंत भरपाई मिळू शकते. टीकाकारांना हे कलम विशेष खटकतं.

पण खरी गोम वेळेच्या हिशोबात होती. लांडगा मारल्यानंतर त्याची नोंद करायला शिकाऱ्याला २४ तासांची मुदत होती. आणि एखाद्या विभागातला कोटा भरत आला म्हणून तिथली शिकार थांबवायची, तर कायद्यानुसार सरकारने २४ तास आधी सूचना द्यायला हवी.

आता हा हिशोब करून बघा. सोमवारी सकाळी मारलेल्या लांडग्याची नोंद मंगळवारी सकाळी आली तरी ती नियमात बसते. ती बघून अधिकाऱ्यांनी लगेच बंदी जाहीर केली, तरी ती लागू होणार बुधवारी. म्हणजे शिकार चालू आणि ती थांबणं यात ४८ तासांपर्यंतचं अंतर पडू शकतं, आणि तेवढ्या वेळात दीड हजार शिकारी जंगलात. डीएनआरने मंगळवारीच काही विभाग बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. तरीही सहाही विभाग बंद होईपर्यंत बुधवारची दुपार उजाडली.

जुन्या हंगामांतही याच कायद्याखाली शिकार झाली होती. २०१२मध्ये ११६चा कोटा असताना ११७ लांडगे मारले गेले, २०१३मध्ये २५१ असताना २५७, २०१४मध्ये १५० असताना १५४. तेव्हा हंगाम कित्येक आठवडे चालायचा, त्यामुळे २४ तासांचा उशीर चालून जायचा. फेब्रुवारीत मारण्याचा वेग कितीतरी पटींनी वाढला आणि थांबवण्याचा वेग होता तिथेच राहिला.

जाता जाता भाषेबद्दल: सरकारी कागदपत्रांत मारलेल्या लांडग्यांच्या संख्येला ‘हार्वेस्ट’ म्हणतात. म्हणजे सुगी, पिकाची काढणी. लांडग्याच्या शिकारीला विरोध करणारे अनेक जण आधी या शब्दालाच आक्षेप घेतात.

त्या ८१ लांडग्यांचं काय झालं?

११९ हा मूळ आकडा नव्हता. राज्याने एकूण २०० लांडग्यांचा कोटा ठरवला होता. त्यातले ८१ ओजिब्वे या मूलनिवासी जमातींच्या वाट्याचे होते. १८३७ आणि १८४२च्या करारांत ओजिब्वेंनी उत्तर विस्कॉन्सिनमधली जमीन अमेरिकी सरकारला दिली, पण तिथे शिकार, मासेमारी आणि वनोपज गोळा करण्याचे हक्क राखून ठेवले. १९८३मध्ये केंद्रीय अपील कोर्टाने हे हक्क अजूनही लागू असल्याचं मान्य केलं. त्यामुळे त्या प्रदेशातल्या शिकारीत जमातींचा निम्मा वाटा असतो.

ओजिब्वेंनी आपले ८१ लांडगे मारले नाहीत. त्यांना ते मारायचेच नव्हते. त्यांच्या भाषेत लांडगा म्हणजे माईंगन. त्यांच्या सृष्टीकथेत पहिला माणूस आणि माईंगन भावासारखे सोबत पृथ्वीभर फिरले. एकाच्या वाट्याला जे येईल तेच दुसऱ्याच्या वाट्याला येईल, असं त्यांना सांगितलं गेलं. लांडग्यांची कत्तल, हकालपट्टी आणि परतणं यात अनेक ओजिब्वे स्वतःचा इतिहास बघतात.

त्यांच्या दृष्टीने आपल्या वाट्याचे लांडगे जिवंत ठेवणं हादेखील हक्काचा वापर होता. पण परवानाधारकांनी मारलेले २१८ हे जमातींचा वाटा धरून ठरवलेल्या २००पेक्षाही जास्त होते. म्हणजे जमातींनी राखलेला वाटा इतरांनीच संपवला. सप्टेंबर २०२१मध्ये सहा ओजिब्वे जमातींनी राज्याविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दावा दाखल केला. आपल्याशी नीट सल्लामसलत झाली नाही आणि कराराचा भंग झाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

या वादात ‘शिकारी विरुद्ध प्राणीप्रेमी’ अशी चौकट नेहमी वापरली जाते. हे प्रकरण त्या चौकटीत बसत नाही. ओजिब्वे शिकार करणारे लोक आहेत. त्यांचा आक्षेप निर्णय कोणी घेतला आणि कोणाला विचारून घेतला, यावर आहे.

नेमके किती लांडगे कमी झाले?

यावर एकमत नाही. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातले संशोधक एड्रियन ट्रेव्हस आणि सहकाऱ्यांनी जुलै २०२१मध्ये ‘पीअर-जे’ या नियतकालिकात अंदाज मांडला. त्यांच्या मते संरक्षण जाण्याच्या घोषणेनंतर नोंद न होणारी चोरटी शिकारही वाढली. ती धरून वर्षभरात माणसांमुळे ३१३ ते ३२३ लांडगे मेले आणि संख्या २७ ते ३३ टक्क्यांनी घटली.

डीएनआरचा आकडा याहून सौम्य आहे. विभागाच्या अंदाजानुसार २०२०-२१च्या हिवाळ्यात १,१२६ लांडगे होते, पुढच्या हिवाळ्यात ९७२. म्हणजे सुमारे १४ टक्के घट. त्यानंतरच्या हिवाळ्यात संख्या हजाराच्या वर गेली.

शिकारीचे समर्थक म्हणतात, बघा, काही बिघडलं नाही. लांडगे कळपाने राहतात आणि संख्या भरून काढतात, हे खरंच आहे. पण त्याच हंगामानंतर काही महिन्यांतच शिकारीवर पुन्हा बंदी आली, त्यामुळे संख्या सावरली ती शिकार नसलेल्या काळात. असा हंगाम दरवर्षी झाला असता तर काय, याचं उत्तर या आकड्यांत नाही.

शेतकरी आणि शिकारी काय म्हणतात?

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. विस्कॉन्सिनमध्ये ३० लाखांहून अधिक गाई-गुरं आहेत, त्यामुळे लांडग्यांनी मारलेल्या जनावरांचं राज्यपातळीवरचं प्रमाण नगण्य दिसतं. पण ‘राज्यात सरासरी’ नुकसान कोणाचंच होत नसतं. ते होतं उत्तरेकडच्या मोजक्या गोठ्यांचं, आणि त्यातल्या काहींचं दरवर्षी. सोलापूर किंवा अहिल्यानगरच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या धनगराला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

दुसरा मुद्दा आश्वासनाचा. १९९९च्या आराखड्यात राज्याने ३५० लांडग्यांचं उद्दिष्ट लिहिलं होतं. आज संख्या त्याच्या तिप्पट आहे, मग राज्याने शब्द पाळला कुठे, असं शिकारी विचारतात. हरणं कमी झाल्याची त्यांची तक्रारही जुनी आहे.

हरणांबद्दल २०२१मध्येच एक वेगळा अभ्यास आला. ‘पीएनएएस’ या नियतकालिकात छापून आलेल्या या अभ्यासानुसार विस्कॉन्सिनच्या ज्या काउंटींमध्ये लांडगे परतले, तिथे गाड्या आणि हरणांचे अपघात सरासरी २४ टक्क्यांनी घटले. त्यातून झालेली आर्थिक बचत लांडग्यांमुळे झालेल्या प्रमाणित नुकसानाच्या ६३ पट होती. पण बचत गाडी चालवणाऱ्याची होते आणि वासरू जातं शेतकऱ्याचं. त्यामुळे हा आकडा दाखवून गावातलं भांडण मिटत नाही.

कोटा ठरवतं कोण?

विस्कॉन्सिनमध्ये डीएनआर शिफारस करतो आणि राज्यपालांनी नेमलेलं सात सदस्यांचं ‘नॅचरल रिसोर्सेस बोर्ड’ धोरण ठरवतं. फेब्रुवारीच्या प्रकारानंतर शरद ऋतूतल्या हंगामासाठी डीएनआरने १३० लांडग्यांचा कोटा सुचवला. ऑगस्टमध्ये मंडळाने तो वाढवून ३०० केला. नुकत्याच ९९ जादा लांडगे मारलेल्या राज्यात तज्ज्ञांच्या शिफारशीच्या दुपटीहून मोठा आकडा!

मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष होते फ्रेड प्रेन. पेशाने दंतवैद्य. त्यांची मुदत मे २०२१मध्येच संपली होती, पण आपल्या जागी नेमलेल्या व्यक्तीला राज्याची सिनेट मंजुरी देत नाही तोवर आपण हटणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. सिनेट रिपब्लिकन पक्षाच्या ताब्यात, राज्यपाल टोनी एव्हर्स डेमोक्रॅटिक. मंजुरी आली नाही आणि प्रेन खुर्चीत राहिले. जून २०२२मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला.

डीएनआरने ऑक्टोबर २०२१मध्ये मंडळाला न जुमानता १३०चाच कोटा जाहीर केला. त्याच महिन्यात डेन काउंटीच्या न्यायाधीशांनी हंगामाला स्थगिती दिली. त्यांनी शिकारीचा कायदा घटनाबाह्य ठरवला नाही. विभाग २०१२च्या तात्पुरत्या नियमांवर आणि कालबाह्य आराखड्यावर हंगाम चालवतो आहे, हा त्यांचा आक्षेप होता.

टीकाकारांचा आणखी एक जुना मुद्दा पैशांचा आहे. राज्यांच्या वन्यजीव विभागांचं बरंचसं उत्पन्न शिकार परवान्यांच्या शुल्कातून येतं. १९३७च्या एका केंद्रीय कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे वळवला, आणि त्यातून राज्यांना मिळणारा निधी त्या राज्यातल्या परवानाधारकांच्या संख्येवरही ठरतो. त्यामुळे शिकाऱ्यांचा आवाज विभागात जास्त ऐकला जातो, अशी टीका होते. शिकारी याचं उत्तर देतात की अमेरिकेतल्या संवर्धनाचं बिल आम्हीच भरतो, मग आमचं का ऐकू नये? दोन्ही बाजू एकच वस्तुस्थिती सांगतायत, हे लक्षात घ्या.

इतर राज्यांत काय चाललंय?

विस्कॉन्सिनमध्ये कोटा मोडला. रॉकी पर्वतातल्या राज्यांत तो काढूनच टाकला गेला. तिथला लांडगा २०११पासून राज्यांच्या ताब्यात आहे. आयडाहोने २०२१च्या कायद्याने एका शिकाऱ्याने किती लांडगे मारावेत यावरची मर्यादा उठवली आणि खासगी जमिनीवर वर्षभर सापळे लावायला मुभा दिली. मोंटानाने त्याच वर्षी गळफासाचे सापळे, आमिष आणि खासगी जमिनीवर रात्रीची शिकार यांना परवानगी दिली, आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या भागातला कोटाही हटवला.

यलोस्टोनमध्ये शिकारीला बंदी आहे, पण लांडग्याला उद्यानाची हद्द कळत नाही. २०२१-२२च्या हिवाळ्यात उद्यानातले २५ लांडगे हद्दीबाहेर मारले गेले, त्यातले १९ मोंटानात. १९९५मध्ये लांडगे तिथे परत आणल्यापासून एका हंगामातलं हे सर्वांत मोठं नुकसान. टीकेनंतर मोंटानाने पुढच्या हंगामासाठी त्या भागात पुन्हा ६ लांडग्यांची मर्यादा घातली.

याच मोंटानाचे गव्हर्नर ग्रेग जियानफोर्ते यांनी फेब्रुवारी २०२१मध्ये यलोस्टोनजवळ सापळ्यात अडकलेला, संशोधकांचा पट्टा असलेला एक लांडगा मारला. सापळा लावण्याआधीचा सक्तीचा प्रशिक्षण वर्ग त्यांनी केला नव्हता. त्यांच्याच सरकारच्या विभागाने त्यांना लेखी ताकीद दिली.

आता काय स्थिती आहे?

१० फेब्रुवारी २०२२ला कॅलिफोर्नियातल्या एका केंद्रीय न्यायालयाने विस्कॉन्सिनसह बहुतेक राज्यांतल्या लांडग्यांना पुन्हा संरक्षण दिलं. रॉकी पर्वतातली राज्यं त्यात नव्हती. ‘हंटर नेशन’ने दाव्यात मांडलेली भीती अशी खरी ठरली. त्यानंतर यादीतून लांडगा वगळण्यासाठी एप्रिल २०२४मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाने २०९ विरुद्ध २०५ मतांनी विधेयक मंजूर केलं, पण ते सिनेट पार करू शकलं नाही.

विस्कॉन्सिनने ऑक्टोबर २०२३मध्ये नवा आराखडा मंजूर केला. त्यात ३५०चं जुनं उद्दिष्ट नाही. संख्या साधारण ८०० ते १,२००च्या पट्ट्यात ठेवायची आणि दरवर्षीची स्थिती बघून निर्णय घ्यायचा, असं त्यात आहे. आराखड्यात एक ठरावीक आकडा लिहायला लावणारं विधेयक रिपब्लिकन आमदारांनी मंजूर केलं होतं, त्यावर राज्यपाल एव्हर्स यांनी २०२४मध्ये नकाराधिकार वापरला.

‘परवानगी द्यावीच’ हे कलम आणि शिकार थांबवण्यासाठीची २४ तासांची पूर्वसूचना मात्र आराखड्यात नाही, कायद्यात आहे. ती बदलायची तर विधिमंडळाचं बहुमत लागेल. केंद्राचं संरक्षण पुन्हा निघालं, तर विस्कॉन्सिनमधला पुढचा हंगाम याच दोन कलमांखाली होईल.